‘सर्व्हर डाऊन आहे’ हे उत्तर नव्हे

परवा आमच्या कुंभार पिंपळगावात एका सेवा केंद्रावर बसलो होतो. माझं काम साधं, हयातीच्या दाखल्याचं. (पेन्शनर माणसाला वर्षातून एकदा आपण अजून जिवंत आहोत हे यंत्राला पटवून द्यावं लागतं. बायकोला पटलेलं असतं, पण तेवढं पुरत नाही.) माझ्यापुढे एक म्हातारी होती. कापूस वेचून आणि राखेनं भांडी घासून तिच्या बोटांवरच्या रेषा पार पुसून गेलेल्या. ती अंगठा ठेवी आणि यंत्र नाही म्हणे. पोरगा म्हणाला, "मावशी, साबणानं हात धुऊन या." धुऊन आली. पाच-सहा वेळा दाबल्यावर एकदाचा ठसा उमटला, तर तोवर पलीकडचं काहीतरी बंद पडलं.

"सर्व्हर डाऊन हाय मावशी. उद्या या."

"परवा बी तू उद्याच म्हणला व्हतास, बाबा."

पोरगा ओशाळला. त्याचा काही दोष नव्हता, आणि तिलाही ते ठाऊक होतं. तिची ती तिसरी खेप होती. ऐन वेचणीच्या दिवसांत एक खेप म्हणजे एक रोज बुडाला. या बुडालेल्या रोजांचा हिशेब कोणत्या कंपनीच्या, कोणत्या खात्याच्या वहीत लिहिला जातो, हे मला कुणी सांगेल का?

‘सर्व्हर डाऊन आहे’ हे वाक्य आपण आता ‘आभाळ भरून आलंय’ या चालीवर म्हणायला लागलो आहोत. जणू ते वरून येतं आणि माणसाचा त्यात काही हात नसतो. माझं म्हणणं एवढंच, की आभाळ माणसानं केलेलं नाही, सर्व्हर माणसानं केलेला आहे. तो किती जणांचा भार पेलेल हे कुणीतरी ठरवलेलं असतं. आणि बहुतेक वेळा दुसऱ्या कुणीतरी ‘हे पुरणार नाही’ असं सांगितलेलंही असतं, ते ऐकलं गेलेलं नसतं.

मी मराठी घेऊन बी.ए. झालेला जुना मास्तर. संगणकातलं मला काय कळतं, असं कुणी म्हणेल. कळत नाहीच. पण विहिरीचं पाणी खारट आहे हे सांगायला विहीर खणता यावी लागत नाही. शिवाय हे लिहायला एक निमित्तही घडलं.

दिवाळीत माझा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. पुण्याला हिंजवडीत असतो, हाताखाली बारा-चौदा मुलंमुली आहेत. ओट्यावर बसलो आणि मी त्याला म्हातारीची गोष्ट सांगितली. (तेव्हा तिची पहिलीच खेप झाली होती म्हणे.) तर तो हसला आणि म्हणाला, "सर, शंभर टक्के बिनचूक सॉफ्टवेअर जगात नसतं."

हे वाक्य मी आजवर अनेकांकडून ऐकलं आहे. ते खरं आहे म्हणूनच धोक्याचं आहे. शंभर टक्के बिनचूक विद्यार्थीही नसतो. म्हणून मी वह्या तपासायच्या सोडल्या का? चूक राहणं आणि चूक आहे हे ठाऊक असताना माल पुढे ढकलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला माफी आहे. दुसरी लबाडी आहे, आणि तिला ‘पुढच्या आवृत्तीत बघू’ असं गोंडस नाव दिलं म्हणून ती काही सद्गुण होत नाही.

आता आपल्या महाराष्ट्रातलीच उदाहरणं घेऊ.

२०१७ साली मुंबई विद्यापीठानं ठरवलं, की सगळ्या उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकाच्या पडद्यावर तपासायच्या. कल्पना वाईट नव्हती. बेरजा आपोआप होतात, प्रश्न तपासायचा राहत नाही, गठ्ठे बसमधून न्यावे लागत नाहीत. पण परीक्षांचा हंगाम चालू असताना हे काम कंपनीकडे सोपवलं गेलं. उत्तरपत्रिका होत्या सतरा लाखांच्या वर. प्राध्यापकांना धड सराव नाही, स्कॅन केलेल्या पानांचा मेळ नाही, भलत्याच विषयाची उत्तरपत्रिका भलत्याच परीक्षकापुढे. ४५ दिवसांत लागायचे निकाल. कुलपतींनी ३१ जुलैची मुदत घालून दिली, तीही टळली आणि निकाल रखडत सप्टेंबरपर्यंत गेले. पुढच्या प्रवेशाची आशा धरून बसलेल्या पोरांचं जे व्हायचं ते झालं. ऑक्टोबरात कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आलं.

मी आयुष्यभर पेपर तपासले आहेत. बोर्डाच्या परीक्षेत परीक्षक तपासतो, त्याच्यावर नियामक असतो, त्याच्यावर मुख्य नियामक. नियामक गठ्ठ्यातल्या काही उत्तरपत्रिका पुन्हा काढून बघतो. चांगल्या परीक्षकाच्याही बघतो. त्यात कुणाचा अपमान नसतो. माझा विद्यार्थी सांगतो, की एकानं लिहिलेलं दुसऱ्यानं वाचायचं, तिसऱ्यानं ते मोडून बघायचं, अशी रीत त्यांच्याकडेही असते. मग मुंबईत जे घडलं त्यात ती रीत कुठे गेली? एखाद्या छोट्या शाखेची एक परीक्षा आधी अशी तपासून बघितली असती, तर सगळे दोष पाचशे उत्तरपत्रिकांतच उघडे पडले असते. ते सतरा लाखांवर उघडे पडले.

त्याच वर्षीचं दुसरं उदाहरण आमच्या दाराशी घडलं. शेतकरी कर्जमाफी. आकडा ३४ हजार कोटींचा, अर्ज ऑनलाइन. नवरा-बायको दोघांनी जोडीनं केंद्रावर जायचं, अंगठे द्यायचे, भलामोठा फॉर्म भरायचा. जुलैअखेरीस सुरू झालं, मुदती वाढत गेल्या. माणसं रात्री केंद्राबाहेर झोपलेली मी पाहिली आहेत, कारण रात्री म्हणे रेंज बरी असायची. १८ ऑक्टोबरला, दिवाळीत, सत्कार करून प्रमाणपत्रं वाटली. आणि मग कळलं, की बँकांकडे गेलेल्या याद्यांत एकाच आधार क्रमांकावर अनेक शेतकरी आहेत. प्रमाणपत्र हातात, खात्यात काही नाही. गाडं रुळावर यायला महिने गेले.

इथे चूक शोधायला इंजिनियर व्हावं लागत नाही. एक आधार क्रमांक दोन माणसांचा असू शकत नाही, हे आमच्या सहावीतल्या पोराला कळतं. हजेरीपटात एका क्रमांकावर दोन नावं आली तर वर्गशिक्षक त्याच दिवशी शाई लावतो. तारीख आधी ठरली आणि काम त्या तारखेच्या मापानं कापलं गेलं, यापलीकडे मला तरी त्यात दुसरं कारण दिसत नाही.

त्याच्या शेजारी हेही ठेवा. डिसेंबर २०१९ मध्ये दुसरी कर्जमाफी जाहीर झाली, दोन लाखांपर्यंतची. या वेळी शेतकऱ्याला अर्जच करायचा नव्हता. कर्ज कुणाचं किती हे बँकेला ठाऊक असतंच, तेव्हा यादी बँकेकडूनच घेतली. शेतकऱ्यानं जाऊन फक्त अंगठा देऊन खात्री करायची. आणि २४ फेब्रुवारी २०२० रोजी पहिली यादी लागली ती साऱ्या राज्याची नव्हती. अवघ्या ६८ गावांची होती, सुमारे पंधरा हजार शेतकऱ्यांची. आधी तेवढ्यात करून बघितलं आणि मग पुढच्या याद्या सोडल्या. (मार्चात कोरोना आला आणि पुढचं रेंगाळलं, तो भाग वेगळा.)

आता लगेच कुणीतरी म्हणणार, गुरुजी एका पक्षाचे दिसतात. नाही हो. २०१७ ला ठेच लागली म्हणूनच २०२० ला पाऊल जपून पडलं, त्याचं थोडं श्रेय ठेचेलाही द्या. मला सरकारांची तुलना करायचीच नाही. मला दाखवायचं आहे ते एवढंच, की तेच राज्य, तीच खेडी, तीच रेंज नसलेली केंद्रं आणि तेच झिजलेले अंगठे असताना काम बरं होऊ शकतं. म्हणजे ‘आपल्याकडे असंच चालायचं’ हे म्हणणं खोटं आहे.

माझ्या विद्यार्थ्याला हे सगळं ऐकवलं. तो म्हणाला, "सर, तुम्ही म्हणता ते बरोबर. पण गिऱ्हाईक रोज नवीन सांगतं. पैसे कमी, माणसं कमी, तारीख मात्र पक्की."

मी म्हटलं, "अरे, मग तारीख पक्की तर काम कमी कर. दहा गोष्टी अर्धवट देण्यापेक्षा चार नीट दे."

"असं सांगणाऱ्याला वर कुणी विचारत नाही, सर."

इथं मला आमच्या शेजारच्या गावाची आठवण झाली. जांब समर्थ आमच्यापासून जवळच. रामदासांचं जन्मगाव. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकात पहिलाच समास आहे लेखनक्रियेचा. पोथी कशी लिहावी याच्या सूचना. त्यात आत्मज्ञान वगैरे काही नाही, निव्वळ कामाची रीत आहे. अक्षर कसं असावं, दोन ओळींत अंतर किती, लेखणी कशी तासावी, शाई कशी करावी, पोथी कशात बांधावी. दोन गोष्टी तर मी शिकवताना फळ्यावर लिहीत असे. एक, पहिल्या पानावरचं अक्षर आणि शेवटच्या पानावरचं अक्षर सारखं असावं, सबंध ग्रंथ एकाच टाकानं लिहिल्यासारखा वाटावा. दुसरी, पानाच्या चारी बाजूंना जागा सोडावी, म्हणजे उद्या कागद कडेनं झडला तरी अक्षराला धक्का लागणार नाही.

ही दुसरी सूचना मला फार मोठी वाटते. लिहिणारा स्वतःला सांगतो आहे, की हा कागद झडणार. उंदीर येतील, वाळवी येईल, कुणी ओल्या हातानं पान उलटेल. आणि ते गृहीत धरून तो आजच समास सोडतो आहे. आमच्या पुण्या-मुंबईच्या कारागिरांनी हेच का करू नये? रेंज जाणार. वीज जाणार. म्हातारीचा अंगठा उमटणार नाही. दत्तात्रय या नावाचं इंग्रजी स्पेलिंग आधारवर एक, बँकेत दुसरं आणि सातबाऱ्यावरून उतरवलेलं तिसरं असणार. लक्ष्मीबाईचं ‘बाई’ कुठे जोडलेलं, कुठे तोडलेलं, कुठे गाळलेलं असणार. लग्नानंतर बाईचं नावच बदलणार. यात अपवाद कोणता आहे? हे सगळं आमच्याकडे रोजचं आहे. ज्या सॉफ्टवेअरला हे ठाऊक नाही ते हिंजवडीतल्या गार खोलीत चाललं, याला मी चाललं म्हणत नाही. आमच्या गावाच्या नावातच कुंभार आहे. कुंभार मडकं गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी स्वतः बोटानं वाजवून बघतो. बद्द वाजलं तर बाजूला. ते बाजूला ठेवायला त्याला कुणाची परवानगी लागत नाही. माझ्या विद्यार्थ्यानंच मला सांगितलं, की जपानात टोयोटाच्या कारखान्यात साध्या कामगारालासुद्धा दोरी ओढून सगळी रांग थांबवण्याचा अधिकार असतो.

मी विचारलं, "तुमच्याकडं आहे का तशी दोरी?"

तो बराच वेळ गप्प बसला. मग सांगू लागला. नाव-गाव लिहीत नाही. एक फॉर्म भरायचं अ‍ॅप त्याच्या गटानं केलं. तपासणीच्या कामावर परभणीकडची एक मुलगी होती. तिनं दाखवून दिलं, की मध्येच रेंज गेली आणि माणसानं बटण पुन्हा दाबलं, तर अर्ज दोनदा जमा होतो आणि दुसरा अडकून पहिल्यालाही अडकवतो. तिला हे सुचलं, कारण तिच्या घरी रेंज जाते. पुण्यातल्या कुणाला सुचलं नव्हतं. अ‍ॅप बाहेर पडायला चार दिवस उरले होते. यानं तिला सांगितलं, "आत्ता नको, नंतर बघू." नंतर ते राहूनच गेलं. ती मुलगीही पुन्हा काही बोलली नाही. आता ती सांगेल तेवढंच काम करते.

"का बोलत नाही?" मी विचारलं.

"तेच कळंना, सर. हुशार होती."

अरे बाबा, तुला कळेना? मला कळतं. कारण मी ते केलेलं आहे.

१९९४ ची गोष्ट. मी दुसऱ्या एका गावातल्या शाळेत प्रभारी मुख्याध्यापक होतो. एक मेला निकाल लावायचा. त्या वर्षी वरच्या साहेबांसमोर आपली शाळा वेळेत आणि नीटनेटकी दिसावी असा मला सोस होता. नववीच्या वर्गावर एक नवे सर होते, तरुण, जरा बुजरे. तीस तारखेला संध्याकाळी ते माझ्याकडे आले. "सर, निकालपत्रकाच्या बेरजांची पडताळणी राहिलीय. एक दिवस मिळाला तर..." मी त्यांना पुढे बोलू दिलं नाही. "एवढे दिवस काय केलंत?" असं चारचौघांत विचारलं. ते खाली मान घालून गेले. निकाल वेळेवर लागला. साहेबांनी पाठ थोपटली.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर त्याच सरांनी एकट्यानं बसून सगळ्या बेरजा पुन्हा केल्या. एका मुलीच्या गणिताच्या बेरजेत दहा गुण कमी धरले गेले होते. ती पास होती. आम्ही तिला नापास केलं होतं. मी त्याच दिवशी तिच्या घरी गेलो. वडील म्हणाले, "गुरुजी, नापास झाली म्हणून मेमधीच उरकून टाकलं. स्थळ चालून आलं व्हतं." ते रागावलेही नाहीत. मला चहा दिला.

बेरीज चुकली ती त्या सरांची. पण दोष त्यांचा नाही, हे तेव्हाही मला आतून ठाऊक होतं. चूक सापडवायला एक दिवस मागणाऱ्या माणसाला मी गप्प बसवलं. आणि त्यानंतर वर्षभर त्या शाळेत कुठलाही शिक्षक माझ्याकडे अडचण घेऊन आला नाही. मी समजत होतो, की शाळा फार सुरळीत चालली आहे!

म्हणून मला या ‘टीम लीडर’ लोकांचा राग येतो, आणि तो राग थोडा स्वतःवरचाही आहे. मोठ्या आवाजात बोलणारा, तारखा पाळणारा, साहेबांना हवं ते आकडे दाखवणारा माणूस आपल्याकडे चांगला पुढारी ठरतो. माझ्या मते ज्याच्या हाताखालची सगळ्यात नवी पोरगी ‘हे तयार नाही’ असं न घाबरता म्हणू शकते, तो पुढारी. बाकीचे मुकादम. आणि अशा प्रत्येकानं वर्षातून चार दिवस तरी आमच्या केंद्रावर येऊन त्या पोरासारखं काउंटरच्या मागे बसावं. लोकांना ‘उद्या या’ म्हणून बघावं, कसं वाटतं ते.

हे फक्त आपल्याकडचं आहे असंही नाही. विलायतेत पोस्ट खात्यानं १९९९ पासून होरायझन नावाची हिशेबाची संगणक प्रणाली बसवली, फुजित्सू कंपनीची. खेड्यापाड्यातल्या पोस्टाच्या छोट्या शाखा चालवणाऱ्या माणसांच्या हिशेबात तूट दिसू लागली. ते सांगत होते, आम्ही पैसे घेतले नाहीत, यंत्र चुकतंय. खातं म्हणालं, यंत्र चुकत नाही. नऊशेच्या वर माणसं चोर ठरली. काही तुरुंगात गेली, त्यात सीमा मिश्रा नावाची एक बाई २०१० साली गरोदर असताना गेली. काहींनी जीव दिला. २०१९ मध्ये न्यायालयानं प्रणालीतच दोष असल्याचं म्हटलं आणि २०२४ मध्ये संसदेनं कायदा करून शिक्षा रद्द केल्या. वीस-पंचवीस वर्षं! तिथेही यंत्रात खोट आहे हे आतल्या काही जणांना ठाऊक होतं. आम्ही हसतो, की आमच्याकडे सर्व्हर डाऊन होतो. सर्व्हर चालू राहून खोटं बोलायला लागला, तर आमची म्हातारी कुणाकडे जाणार आहे?

असो. त्या रात्री मी त्याला नववीच्या मुलीची गोष्ट सांगितली तेव्हा तो काही बोलला नाही. सकाळी जालन्याची बस पकडायला निघाला, चपला घालता घालता थांबला आणि म्हणाला, "सर, मी गेल्यावर तिला विचारतो. त्या परभणीच्या पोरीला. आणि ते दुरुस्त करायला लावतो." मी म्हटलं, "विचारू नकोस. आधी तिची माफी माग, सगळ्यांसमोर. गप्प बसवलं होतंस तेही सगळ्यांसमोरच ना?" त्यानं मान हलवली. मग विचारलं, "सर, त्या नववीतल्या मुलीचं पुढं काय झालं?"

सांगितलं. बरं चाललंय तिचं. दोन एकर शेत आहे, मुलगा ट्रॅक्टर चालवतो. धाकटी मुलगी यंदा कॉलेजात आहे. गेल्या महिन्यात तिचाच फोन आला होता, "गुरुजी, पोरीची फी मोबाईलवरनं भरली. पैसे कापले गेले अन् पावतीच आली नाही. आता पुन्हा भरू का थांबू?" मी थांब म्हटलं. अजून थांबली आहे.